मॅरेथॉन : अकराव्या मताचा इतिहास

‘मॅरेथॉन’ हा शब्द भारतीय भाषांमध्ये आता पाहुणा राहिलेला नाही. दीर्घकाळ लांबलेल्या चर्चेला वृत्तपत्रे ‘मॅरेथॉन बैठक’ म्हणतात, तासन्‌तास चाललेल्या भाषणाला ‘मॅरेथॉन भाषण’ म्हणतात, आणि दर वर्षी जानेवारीत मुंबईच्या रस्त्यांवर हजारो आबालवृद्ध मॅरेथॉन धावतात. हे नाव मुळात एका स्थळाचे. ग्रीसमधील अथेन्स नगरीच्या ईशान्येस सुमारे चाळीस किलोमीटरवर, डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये, एक सपाट मैदान पसरलेले आहे. ग्रीक भाषेत बडीशेपेला जे नाव आहे त्यावरून हे स्थलनाम पडले, असे मानतात. इ. स. पू. ४९० मध्ये या मैदानावर अथेन्सच्या नागरिकांनी इराणी साम्राज्याच्या सेनेचा पराभव केला.

या लढाईची जी गोष्ट शाळाशाळांतून सांगितली जाते, तिचा नायक एक धावपटू आहे. विजयाची वार्ता घेऊन तो रणांगणापासून अथेन्सपर्यंत धावत गेला, ‘आपण जिंकलो’ एवढेच बोलला आणि गतप्राण झाला. गोष्ट हृदयस्पर्शी आहे. परंतु या लढाईचा सर्वांत जुना सविस्तर वृत्तान्त लिहिणाऱ्या हिरोडोटसच्या ग्रंथात ती नाही. त्याच्या वृत्तान्ताच्या मध्यभागी एक बैठक आहे, आणि त्या बैठकीत मते समसमान पडलेली आहेत. धावपटूच्या आख्यायिकेने ती बैठक लोकांच्या स्मरणातून जवळजवळ पुसून टाकली. मॅरेथॉनचा खरा वारसा मात्र त्या बैठकीतच शोधावा लागतो.

साम्राज्याची दोन टोके

इ. स. पू. सहाव्या शतकाच्या मध्यास सायरसने स्थापन केलेले इराणी साम्राज्य डेरियसच्या काळात सिंधू नदीपासून एजियन समुद्रापर्यंत पसरले होते. डेरियसच्या शिलालेखांमध्ये त्याच्या अमलाखालील प्रांतांच्या याद्या कोरलेल्या आहेत. त्या याद्यांत ‘गंदार’ आणि ‘हिंदुश’ ही पूर्वेकडील नावे आहेत, तशी ‘यौन’ हे पश्चिमेकडील नावही आहे. ‘यौन’ म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर राहणारे आयोनियन ग्रीक. संस्कृतातील ‘यवन’ आणि प्राकृतातील ‘योन’ हे शब्द याच कुळातले. कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर दात्यांच्या नावांपुढे कोरलेला ‘यवन’ हा शब्द मागे मागे नेला, तर तो आयोनियापाशी पोहोचतो. सिंधूकाठचे लोक आणि एजियनकाठचे ग्रीक एकमेकांना पुरते ओळखू लागण्यापूर्वीच एका सम्राटाचे प्रजाजन झाले होते.

हे साम्राज्य रानटी टोळ्यांचे नव्हते. सार्डिसपासून सूसापर्यंत सुमारे अडीच हजार किलोमीटर लांबीचा राजमार्ग होता आणि त्यावर ठरावीक अंतराने मुक्कामाची ठाणी होती. जिंकलेल्या लोकांच्या देवतांना आणि चालीरीतींना बहुतांशी हात लावला जात नसे. सूसा येथील राजवाड्याच्या बांधकामाविषयीच्या शिलालेखात, तेथे वापरलेल्या हस्तिदंतापैकी काही हिंदुशहून आल्याची नोंद आहे. एका बाजूला प्रकाश आणि दुसऱ्या बाजूला अंधार, अशी या युद्धाची मांडणी करणाऱ्यांना या गोष्टी अडचणीच्या वाटतात. म्हणूनच त्या आरंभी सांगणे आवश्यक आहे.

संघर्षाची ठिणगी आयोनियात पडली. इराणी सत्तेने ग्रीक नगरांवर आपल्या मर्जीतले हुकूमशहा बसवले होते. इ. स. पू. ४९९ मध्ये मिलेटस नगराच्या पुढाकाराने या नगरांनी बंड केले. अथेन्सने त्यांच्या मदतीला वीस आणि इरेट्रियाने पाच गलबते पाठवली. बंडखोरांनी प्रांताची राजधानी सार्डिस जाळली. हिरोडोटस सांगतो की, ही वार्ता ऐकल्यावर डेरियसने एका सेवकाला रोज जेवणाच्या वेळी तीन वेळा अथेन्सवासीयांची आठवण करून देण्याची आज्ञा केली. बंड सहा वर्षांत मोडले. इ. स. पू. ४९४ मध्ये मिलेटस उद्ध्वस्त झाले. फ्रिनिकस या नाटककाराने या घटनेवर अथेन्समध्ये नाटक सादर केले, तेव्हा सारे प्रेक्षागृह रडले. आणि स्वकीयांच्या दुःखाची आठवण करून दिली म्हणून नगराने नाटककाराला एक हजार द्राख्मांचा दंड केला. अथेन्सच्या मनातील भीती आणि अपराधभावना या एका दंडातून जेवढी कळते, तेवढी दुसऱ्या कशातून क्वचितच कळेल.

याच संदर्भातील एक नोंद विसरता येत नाही. बंडानंतर आलेला इराणी सेनापती मार्डोनियस याने आयोनियन नगरांतील हुकूमशहांना काढून टाकले आणि तेथे लोकसत्ता स्थापन केली, असे हिरोडोटसच लिहितो. आपल्या ग्रीक वाचकांना हे खरे वाटणार नाही, याची त्याला जाणीव होती. तरीही त्याने ते लिहिले. स्वपक्षाला गैरसोयीचे सत्य लिहून ठेवण्याची ही रीत इतिहासलेखनाच्या पहिल्याच पिढीत दिसते.

किनाऱ्यावर आलेले संकट

इ. स. पू. ४९१ च्या सुमारास डेरियसचे दूत शरणागतीची खूण म्हणून माती आणि पाणी मागत ग्रीक नगरांत फिरले. अनेकांनी ते दिले. अथेन्सने दूतांना गुन्हेगारांच्या खड्ड्यात लोटले आणि स्पार्टाने विहिरीत; माती आणि पाणी तेथूनच घ्या, हा त्यातला कठोर विनोद. दूतांची हत्या हा त्या काळीही अधर्मच मानला जात होता, आणि स्पार्टाला पुढे त्याचे प्रायश्चित्त घ्यावेसे वाटले.

पुढच्या वर्षी दातिस आणि आर्टाफर्नीज यांच्या नेतृत्वाखाली इराणी आरमार निघाले. त्याने नॅक्सॉस बेट जाळले. डेलॉस हे अपोलो देवाचे जन्मस्थान म्हणून मात्र तेथे हात न लावता धूप अर्पण केला. इरेट्रियाने सहा दिवस झुंज दिली. सातव्या दिवशी आतल्याच दोघा प्रतिष्ठितांनी वेशी उघडल्या. मंदिरे जाळली गेली आणि नागरिकांना दूर सूसाजवळ नेऊन वसवण्यात आले. त्यानंतर आरमार मॅरेथॉनच्या किनाऱ्याला लागले.

ही जागा सुचवणारा मनुष्य परका नव्हता. वीस वर्षांपूर्वी अथेन्समधून हाकलला गेलेला हुकूमशहा हिप्पियस इराणी सैन्याचा वाटाड्या म्हणून आला होता. मैदान घोडदळाला सोयीचे होते आणि इरेट्रियाहून जवळ होते. त्याचा पिता पिसिस्ट्रॅटस याच किनाऱ्यावर उतरून अथेन्सचा स्वामी झाला होता. म्हातारा हिप्पियस परकीय सैन्याच्या बळावर पुन्हा सत्तेवर बसण्याचे स्वप्न घेऊन आला होता. म्हणून हा प्रसंग केवळ परचक्राचा नव्हता. अथेन्समध्ये कोणाचे राज्य असावे, हाही प्रश्न त्या वाळूवर उभा होता.

त्या वेळी अथेन्सची लोकसत्ता जेमतेम अठरा वर्षांची होती. इ. स. पू. ५०८–५०७ मध्ये क्लेइस्थेनीसने जुन्या कुळांचे वर्चस्व मोडण्यासाठी नागरिकांची दहा नव्या गणांत विभागणी केली होती. प्रत्येक गणात किनाऱ्यावरचे, शहरातले आणि आतल्या भागातले लोक एकत्र आणलेले होते. लढाईतही ते गणवार उभे राहत, आणि प्रत्येक गणाचा एक सेनापती असे. स्त्रिया, गुलाम आणि परदेशी रहिवासी यांना या व्यवस्थेत मताधिकार नव्हता, ही तिची मोठी उणीव. तरीही शेतकरी, कारागीर आणि जमीनदार एका रांगेत ढालीला ढाल लावून उभे राहण्याचा हा नवा प्रयोग होता. मॅरेथॉनच्या मैदानात त्याची पहिली मोठी परीक्षा झाली.

पाच विरुद्ध पाच

अथेन्सहून निघण्यापूर्वी सेनापतींनी फिडिपिडीज नावाच्या व्यावसायिक निरोप्याला मदतीसाठी स्पार्टाला पाठवले. डोंगराळ वाटेने सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर अंतर कापून तो दुसऱ्या दिवशी स्पार्टात पोहोचला. स्पार्टाने मदतीचे वचन दिले. परंतु धर्मनियमानुसार पौर्णिमेपूर्वी सैन्य बाहेर काढता येणार नाही, असे सांगितले. खऱ्या इतिहासातला धावपटू हा. तो विजयाची वार्ता सांगण्यासाठी धावला नाही. त्याने साहाय्य मागण्यासाठी धाव घेतली आणि त्याला ‘थोडे थांबा’ हे उत्तर घेऊन परतावे लागले.

मदतीला आले ते एकच लहानसे नगर. अथेन्सने पूर्वी दिलेल्या संरक्षणाची जाण ठेवून प्लेटियाने आपले सगळे लढाऊ पुरुष पाठवले. त्यांची संख्या सुमारे एक हजार असल्याचे नंतरचे लेखक सांगतात. अथेन्सचे सैन्य नऊ-दहा हजारांच्या आसपास धरले जाते. इराणी सैन्याचे प्राचीन आकडे अतिरंजित आहेत. आधुनिक अभ्यासक साधारण वीस-पंचवीस हजारांचा अंदाज करतात.

दोन्ही सैन्ये काही दिवस समोरासमोर थांबली. दहा सेनापतींत मतभेद झाले. आपली संख्या अपुरी आहे, लढू नये, असे पाच जणांचे मत. लढावे, असे मिल्टियाडीज धरून पाच जणांचे. अकरावे मत पोलेमार्क, म्हणजे युद्धाधिकारी, कॅलिमॅकस याचे होते. मिल्टियाडीज त्याच्याकडे गेला. त्याच्या तोंडी हिरोडोटसने जे भाषण घातले आहे, त्याचा आशय असा की, अथेन्सला गुलाम करायचे की स्वतंत्र ठेवायचे, हे आता तुझ्या हाती आहे. लढाई टाळली तर नगरात दुफळी माजेल आणि लोक इराण्यांकडे झुकतील. ही कीड पसरण्यापूर्वीच लढलो, तर आपण जिंकू शकतो. इरेट्रियाचे दरवाजे आतून उघडले गेल्याला फार दिवस लोटले नव्हते. मिल्टियाडीजला शत्रूच्या बाणांइतकेच स्वकीयांच्या कच खाणाऱ्या मनांचे भय वाटत होते.

कॅलिमॅकसने लढण्याच्या बाजूने मत दिले. येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, विरुद्ध मत देणारे पाच सेनापती भित्रे किंवा फितूर होते, असे हिरोडोटस म्हणत नाही. त्यांचा युक्तिवादही शहाणपणाचा होता. निर्णय झाल्यावर तेही आपापल्या गणाबरोबर रणांगणात उतरले. सेनापती आळीपाळीने एकेक दिवस अधिपत्य करीत. मिल्टियाडीजच्या पक्षाच्या सेनापतींनी आपापले दिवस त्याला देऊ केले. तरी त्याने स्वतःचा दिवस येईपर्यंत लढाई दिली नाही. मतभेद मोकळेपणाने मांडणे, बहुमताने निर्णय घेणे आणि नंतर पराभूत मताच्या लोकांनीही त्याची जबाबदारी उचलणे, या तिन्ही गोष्टी त्या छावणीत घडल्या. तिसरी गोष्ट सर्वांत अवघड असते.

रणांगण

दोन्ही सैन्यांमधले अंतर आठ स्टेडियम, म्हणजे सुमारे दीड किलोमीटर होते. ग्रीक पायदळी योद्धा लांब भाला, मोठी गोल ढाल आणि शिरस्त्राण घेऊन लढे; इराण्यांचे मुख्य बळ धनुर्धाऱ्यांत आणि घोडदळात. लढाईच्या वर्णनात घोडदळाचा उल्लेख का नाही, यावर अभ्यासकांत आजही वाद चालतो. शत्रूच्या रांगेइतकी लांब रांग करण्यासाठी अथेन्सने आपली मध्यफळी पातळ ठेवली आणि दोन्ही बगला भक्कम केल्या. शकुन अनुकूल मिळताच सैन्य धावत निघाले. घोडदळ नाही, धनुर्धारी नाहीत आणि तरीही मूठभर माणसे धावून येत आहेत, हे पाहून इराण्यांना ती वेडी वाटली, असे हिरोडोटस लिहितो. एवढे सगळे अंतर जड शस्त्रांनिशी धावणे शक्य होते का, अशी शंका पुढे घेतली गेली. बाणांच्या पल्ल्यात आल्यावरचा टप्पा तरी ते धावले असावेत, असे बहुतेकांचे मत आहे.

मध्यभागी इराणी आणि शक तुकड्यांनी ग्रीक फळी फोडली. दोन्ही बगलांवर मात्र अथेन्स आणि प्लेटिया यांनी जय मिळवला. पळणाऱ्यांचा पाठलाग न करता त्या दोन बगला आत वळल्या आणि मध्यफळी फोडणाऱ्यांवर तुटून पडल्या. विजयाच्या क्षणी हा संयम पाळणे ही शिस्तीची खरी कसोटी होती. त्यानंतर झुंज गलबतांपर्यंत पोहोचली. तेथे कॅलिमॅकस पडला. नाटककार एस्किलसचा भाऊ सिनेगिरस याने एका गलबताचा मागचा भाग पकडला असता कुऱ्हाडीच्या घावाने त्याचा हात तुटला आणि तो मरण पावला. सात गलबते हाती लागली; उरलेली समुद्रात निघाली.

लढाई संपली तरी संकट टळले नव्हते. इराणी आरमार सूनियनच्या भूशिराला वळसा घालून असंरक्षित अथेन्सकडे निघाले होते. दमलेले सैन्य शक्य तेवढ्या वेगाने नगराकडे परतले आणि आरमार येण्यापूर्वी तेथे उभे राहिले. काही काळ थांबून गलबते आशियाकडे वळली. मॅरेथॉनहून अथेन्सकडे त्या वेळी कोणी धावले असेल, तर ते हजारो सैनिकांचे थकलेले दळ होते. पौर्णिमेनंतर दोन हजार स्पार्टन आले, त्यांनी रणांगण पाहिले, अथेन्सची प्रशंसा केली आणि ते परत गेले.

या युद्धातील एका सैनिकाची नोंद हिरोडोटसने आवर्जून केली आहे. एपिझेलस नावाचा अथेन्सवासी लढत असताना, अंगाला कोठेही घाव न लागता, अकस्मात आंधळा झाला आणि आयुष्यभर आंधळाच राहिला. एक प्रचंड योद्धा आपल्यासमोरून गेला आणि त्याने शेजारच्या सोबत्याला मारले, असे तो सांगत असे. युद्ध मनावर जी जखम करते, तिच्या प्राचीन नोंदींपैकी ही एक, असे आजचे वाचक मानतात. विजयाच्या वृत्तान्तात त्याला जागा मिळाली, ही साधी गोष्ट नव्हे.

मृतांचा हिशेब

हिरोडोटसच्या मते इराण्यांचे सहा हजार चारशे सैनिक मारले गेले आणि अथेन्सचे एकशे ब्याण्णव. अथेन्समध्ये युद्धात पडलेल्यांचे अवशेष नगराबाहेरील स्मशानात आणण्याची प्रथा होती. मॅरेथॉनच्या वीरांना मात्र त्यांच्या रणभूमीतच ठेवण्यात आले. सुमारे नऊ मीटर उंचीची ती मातीची टेकडी आजही मैदानात उभी आहे. १८९० साली सुरू झालेल्या उत्खननात तिच्या तळाशी राख, जळालेली हाडे आणि मातीची भांडी सापडली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात पौसानियस हा प्रवासी तेथे गेला होता, तेव्हा गणवार नावे कोरलेल्या शिळा त्याने पाहिल्या. ज्या गणव्यवस्थेने या माणसांना एका रांगेत उभे केले, तिच्याच क्रमाने त्यांची नावे लिहिली गेली होती.

पौसानियस आणखी काही सांगतो. प्लेटियाच्या वीरांची आणि गुलामांची कबर वेगळी होती. गुलाम तेव्हा प्रथमच युद्धात लढले होते. ज्यांना मत नव्हते, त्यांनीही त्या मतासाठी प्राण दिले. इराणी मृतांना आपण पुरले, असे अथेन्सवासी म्हणत. परंतु पौसानियसला त्यांची कबर कोठेही दिसली नाही, आणि त्यांना एखाद्या चरात टाकले असावे, असे त्याने लिहिले.

धावपटू कोठून आला?

विजयाची वार्ता सांगून प्राण सोडणारा निरोप्या ग्रंथांमध्ये अवतरतो तो लढाईनंतर सुमारे सहाशे वर्षांनी. प्लूटार्कने त्याची दोन वेगवेगळी नावे नोंदवली. लूशियनने ही कथा फिडिपिडीजशी जोडली. इंग्लिश कवी रॉबर्ट ब्राउनिंगने १८७९ साली प्रसिद्ध झालेल्या कवितेत स्पार्टाची धाव आणि अथेन्सची धाव एकत्र गुंफली. आधुनिक ऑलिंपिकची तयारी चालू असताना मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने मॅरेथॉन ते अथेन्स शर्यतीची कल्पना मांडली. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये ती प्रथम धावली गेली आणि स्पिरिडॉन लुई हा ग्रीक धावपटू जिंकला. बेचाळीस किलोमीटर एकशे पंच्याण्णव मीटर हे आजचे अंतर १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमधून आले आणि १९२१ मध्ये कायम झाले.

या आख्यायिकेची भारताशी असलेली गाठही जुनी आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने भारतीय खेळाडूंचा संघ गेला. त्यात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांमधून पुढे आलेले फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले आणि एकोणिसावे आले. आख्यायिका ऐतिहासिक नसली, तरी तिने माणसांना घडवले, हे नाकारता येत नाही. इतिहासाचे काम तिला हाकलून देण्याचे नाही; ती कोठून आली हे सांगण्याचे आहे.

जिंकलेल्यांचे पुढे काय झाले?

लढाईच्या दुसऱ्याच वर्षी मिल्टियाडीज पॅरॉस बेटावरील मोहिमेत अपयशी ठरला. लोकांनी त्याला पन्नास टॅलेंटांचा जबर दंड केला आणि मांडीच्या चिघळलेल्या जखमेने तो मरण पावला. ऑलिंपियाच्या संग्रहालयात त्याचे नाव कोरलेले, झ्यूस देवाला वाहिलेले शिरस्त्राण आजही आहे.

डेरियसचा पुत्र झर्कसीझ इ. स. पू. ४८० मध्ये कितीतरी मोठी सेना घेऊन आला. त्या सेनेत सुती वस्त्रे ल्यालेले, वेताची धनुष्ये आणि लोखंडी टोकांचे बाण बाळगणारे भारतीय सैनिक होते, असे हिरोडोटसने लिहून ठेवले आहे. थर्मोपिलीच्या खिंडीत ग्रीकांचा प्रतिकार मोडला आणि अथेन्स जळाले. परंतु सॅलॅमिसचे आरमारी युद्ध आणि पुढच्या वर्षी प्लेटियाची लढाई ग्रीकांनी जिंकली. सम्राटाला हरवता येते, ही श्रद्धा दहा वर्षांपूर्वी मॅरेथॉनने दिली होती.

मग अथेन्सने ग्रीक नगरांचा संघ उभारला आणि हळूहळू त्या संघाचे साम्राज्य केले. इराण्यांनी जाळलेल्या त्याच नॅक्सॉस बेटाने संघातून बाहेर पडण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अथेन्सने ते वेढा घालून जिंकले आणि त्याचे स्वातंत्र्य काढून घेतले. थ्यूसिडिडीजच्या इतिहासात अथेन्सचे दूत स्पार्टापुढे आपल्या अधिकाराचा आधार म्हणून मॅरेथॉनची आठवण देतात. पुढे मेलॉस या लहान बेटापुढे उभे असताना मात्र, इराण्यांना हरवल्याच्या जुन्या गोष्टी आम्ही सांगत बसणार नाही, बलवान करू शकतो ते करतो, अशा आशयाचे बोल ते बोलतात. इ. स. पू. ४१६ च्या हिवाळ्यात मेलॉस शरण आले. अथेन्सने तेथील हाती लागलेले प्रौढ पुरुष ठार केले आणि स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली. लढाईला शतकही लोटले नव्हते. स्वातंत्र्यासाठी दिलेले अकरावे मत दुसऱ्यांचे स्वातंत्र्य हिरावण्याचा परवाना कसा बनते, हे मॅरेथॉनच्या वारशाचे दुसरे पान आहे.

ते पान आधुनिक काळातही उलटले गेले. १८४६ साली जॉन स्टुअर्ट मिलने असे मत मांडले की, इंग्लंडच्या इतिहासातील घटना म्हणूनसुद्धा मॅरेथॉन ही हेस्टिंग्जच्या लढाईपेक्षा महत्त्वाची आहे. स्वातंत्र्याचा हा थोर पुरस्कर्ता त्या वेळी ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कार्यालयात नोकरीला होता आणि हिंदुस्थानच्या कारभाराचे खलिते लिहीत होता. मॅरेथॉनचे गुणगान आणि परक्या देशावरील सत्ता यांत त्या पिढीला विसंगती जाणवली नाही.

दुसऱ्या बाजूचा आवाज

इराणी साधनांत मॅरेथॉनचा उल्लेख आढळत नाही. पर्सेपोलिस येथे सापडलेल्या मातीच्या लेखपट्टिकांत सार्डिसहून राजाकडे प्रवास करणाऱ्या ‘दातिया’ नावाच्या अधिकाऱ्याला मद्याचा शिधा दिल्याची नोंद आहे. तो बहुधा मॅरेथॉनचा दातिसच. ग्रीकांच्या कथेतला पराभूत सेनापती इथे केवळ कामावर निघालेला एक वरिष्ठ कारभारी आहे. डिओ क्रिसोस्टोम हा ग्रीक लेखक एक इराणी बाजू सांगतो: डेरियसने आरमार पाठवले ते नॅक्सॉस आणि इरेट्रियावर, ती दोन्ही जिंकली गेली, मॅरेथॉनला थोड्या गलबतांच्या माणसांची किरकोळ चकमक झाली, एवढेच. एकाच सकाळची ही दोन रूपे आहेत. एकात जगाचे भवितव्य ठरते; दुसऱ्यात यशस्वी मोहिमेची एक तळटीप उरते.

दोन्हींचा विचार करणे हेच इतिहासाचे काम. ‘इतिहास’ या संस्कृत शब्दाचा अर्थ ‘असे घडले’ असा होतो. हिरोडोटसने वापरलेल्या ‘हिस्तोरिया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ होता ‘विचारपूस, शोध’. तो स्वतः इराणी अमलाखालच्या हॅलिकार्नासस नगरात जन्मला होता, आणि ग्रीक व ग्रीकेतर अशा दोघांचीही थोर कृत्ये विस्मृतीत जाऊ नयेत, हा हेतू त्याने ग्रंथाच्या आरंभीच सांगितला आहे. इतिहासाच्या तासाला ‘असे घडले’ हे विद्यार्थ्यापर्यंत पोहोचते; ‘हे कोणी सांगितले, आणि कोणाला विचारायचे राहिले?’ हा प्रश्नही त्याच तासाला पोहोचला पाहिजे.

धावपटूची आख्यायिका विद्यार्थ्याला निष्ठा शिकवते. तिचे मोल आहेच. परंतु निरोप्याला निर्णय घ्यावा लागत नाही. तो दुसऱ्यांनी घेतलेल्या निर्णयाची वार्ता वाहतो. प्रजासत्ताकाच्या भावी नागरिकांना कधी ना कधी कॅलिमॅकसच्या जागी उभे राहावे लागते. मते समसमान असतात, दोन्ही बाजूंचे युक्तिवाद शहाणपणाचे असतात, देवाचा कौल मिळालेला नसतो, मदत वेळेवर येणार नसते, आणि तरीही मत द्यावे लागते. मॅरेथॉनच्या टेकडीखाली असे मत देऊन त्याची किंमत मोजणारी माणसे विसावली आहेत. त्यांच्यापासून थोड्या अंतरावर मत नसलेले गुलाम आहेत. आणि ज्यांची कबरही सापडली नाही, ती दूरदेशीची माणसेही त्याच मातीत आहेत. मॅरेथॉनचा इतिहास शिकवताना या तिन्हींची आठवण एकत्र ठेवावी लागते.